छोट्या इलेक्ट्रिक गाडीच्या किरकोळ तक्रारी आणि नागपूरचा उन्हाळा

मानेवाडा भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सर्वांत कमी किमतीच्या गटातली, साधारण वीस युनिटांची (किलोवॅट-तासांची) बॅटरी असलेली इलेक्ट्रिक गाडी घेतली. हिवाळ्यात एका चार्जिंगवर १७५ किलोमीटरच्या आसपास चालणारी ही गाडी मे महिन्यात १२० वर आली. रात्री लावलेले चार्जिंग सकाळी अर्धवट थांबलेले दिसते. आठ दिवस बाहेरगावी राहून परत आले, तेव्हा गाडीचे दारसुद्धा रिमोटने उघडले नाही. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते. सर्व्हिस सेंटरने ‘सगळे नॉर्मल आहे’ एवढेच सांगून गाडी परत केली. गाडी चालवणारी मोठी बॅटरी बाद होत चालली आहे काय, आणि वॉरंटी शिल्लक आहे तोवर गाडी विकून मोकळे व्हावे काय, असे ते विचारतात.

आपण सांगितलेल्या चारही तक्रारींचा मोठ्या बॅटरीशी बहुधा काहीही संबंध नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे सविस्तर वाचताना मन शांत राहील. गाड्यांच्या विजेच्या कामात माझी वीसहून अधिक वर्षे गेली आहेत. मे २०१७ मध्ये नागपुरात इलेक्ट्रिक टॅक्सी सुरू झाल्या, तेव्हापासून या गाड्या माझ्या हाताखालून जात आहेत. ‘बॅटरी गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या छोट्या गाड्यांपैकी बहुतेकींचा दोष घरातल्या प्लगपॉइंटमध्ये, अर्थिंगच्या खड्ड्यात, बॉनेटखालच्या लहानशा १२ व्होल्टच्या बॅटरीत किंवा टायरच्या हवेत सापडला. या चारही गोष्टी स्वस्त आहेत आणि त्या तपासायला फार वेळ लागत नाही. लोक मात्र सर्वांत महागड्या भागाच्या काळजीने झोप गमावतात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी उन्हाळ्यात घटलेल्या पल्ल्याविषयी. हिशेब सोपा राहावा म्हणून बॅटरी २० युनिटांची धरू आणि त्यातले १८ युनिट आपण प्रत्यक्ष वापरतो असे समजू. शहरात सावकाश चालणाऱ्या छोट्या गाडीला एसी बंद असताना किलोमीटरमागे साधारण ०.१ युनिट लागते, म्हणजे १८ युनिटांत १८० किलोमीटर. आपला डिसेंबरचा आकडा याच्याशी जुळतो. आता मे महिना घ्या. बाहेर ४५ अंश तापमान असताना एसी एक किलोवॅटच्या आसपास वीज सतत ओढतो, आणि उन्हात तापलेली गाडी थंड करताना सुरुवातीला याहून जास्त. एसी हा तासाच्या हिशेबाने वीज खातो, किलोमीटरच्या हिशेबाने नव्हे. सीताबर्डी, मानस चौक, मेडिकल चौक अशा वाटेने गाडीचा सरासरी वेग ताशी २० पडत असेल, तर त्या एका तासात एसीने खाल्लेले एक युनिट २० किलोमीटरांवर वाटले जाते, म्हणजे किलोमीटरमागे ०.०५ युनिट वाढते. ०.१ चे ०.१५ झाले आणि १८ युनिटांत १२० किलोमीटर उरले. आपल्या तक्रारीतला आकडा नेमका हाच आहे. बॅटरीची क्षमता एका हिवाळ्यापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत एक तृतीयांशाने घटली असती, तर पल्ल्याखेरीज इतर खुणाही दिसल्या असत्या. त्यांच्याविषयी शेवटी लिहितो.

यामुळे एक उलटे वाटणारे चित्र नेहमी दिसते. उन्हाळ्यात गर्दीच्या रस्त्यांवर गाडी जितकी कमी चालते, तितकी ती वर्धा रोडवर ताशी ६० च्या संथ वेगात जास्त चालते, कारण तिथे एसीचे तेच एक युनिट ६० किलोमीटरांवर वाटले जाते. मात्र वेग आणखी वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी ८० वरून १०० वर गेल्यास तो दीडपटीहून अधिक होतो, आणि वाचवलेले सगळे तिथे जाते. सेवाग्रामला जाऊन-येऊन साधारण १५० किलोमीटर होतात. आपल्या गाडीने डिसेंबरात ही फेरी ताशी ६०-६५ च्या वेगाने न थांबता होईल. मे महिन्यात मात्र वर्ध्यात मध्ये चार्जिंग करायचे ठरवूनच निघावे.

उपाय फार मोठे नाहीत. गाडी चार्जरला लावलेली असतानाच निघण्यापूर्वी दहा मिनिटे एसी सुरू करावा, म्हणजे थंड करण्याचा पहिला मोठा खर्च भिंतीतल्या विजेवर पडतो. गाडी सावलीत लावावी. आणि काट्याजवळ दिसणाऱ्या ‘उरलेल्या किलोमीटर’च्या आकड्यावर विसंबून राहू नये. तो आकडा मागच्या काही किलोमीटरांच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. रात्री थंड हवेत रिंग रोडने आलात तर सकाळी तो फुगलेला दिसतो, आणि दुपारी महाल-इतवारीच्या गर्दीतून जाऊन आलात की एकदम खाली येतो. टक्केवारी पाहावी आणि आपल्या रोजच्या रस्त्यावर दहा टक्क्यांत किती किलोमीटर होतात, ते एकदा उन्हाळ्यात आणि एकदा हिवाळ्यात लिहून ठेवावे.

आता चार्जिंग थांबण्याविषयी. हा विषय मी जरा लांबवणार आहे, कारण आपल्या शहरातल्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याचा आहे आणि यातच खरा धोका आहे.

चार्जिंग केव्हा थांबते, यावरून बहुतेक वेळा कारण कळते. चार्जर लावताक्षणी लाल दिवा लागत असेल आणि चार्जिंग सुरूच होत नसेल, तर पहिला संशय अर्थिंगवर घ्यावा. पाऊण-एक तास चांगले चालून मग थांबत असेल, तर प्लग आणि सॉकेट हाताने चाचपून पाहावे. ते तापलेले आढळेल. आणि रात्री नऊ ते बाराच्या दरम्यान थांबून पहाटे आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर व्होल्टेज कमी पडते आहे असे समजावे. उन्हाळ्यात नागपुरात संध्याकाळनंतर घरोघरी कूलर आणि एसी सुरू असतात, त्यात पाण्याचे पंप लागतात; वस्तीच्या टोकाला असलेल्या घरात व्होल्टेज २३० वरून १९० पर्यंत उतरलेले मी स्वतः मोजले आहे. अशा वेळी काही जण चार्जरच्या आधी स्टॅबिलायझर बसवून घेतात. तसे करू नये. फ्रिज-टीव्हीचा स्टॅबिलायझर तासन्‌तास १४-१५ अँपिअर वाहण्यासाठी बनलेला नसतो आणि तोच जळतो. गाडीतल्या किंवा ॲपमधल्या टायमरने चार्जिंग रात्री दोन वाजता सुरू होईल असे लावावे. तेव्हा व्होल्टेजही सावरलेले असते आणि बॅटरीही निवलेली असते. वस्तीतले व्होल्टेज कायमच कमी असेल, तर महावितरणकडे लेखी तक्रार करावी.

सॉकेटचे एक उदाहरण सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी नंदनवन भागातल्या एका घरी गेलो होतो. गाडी रोज तासाभरात चार्जिंग सोडत असे. पॉइंट व्हरांड्यात होता, पूर्वी कूलरसाठी काढलेला, आणि बाहेरून अगदी स्वच्छ दिसत होता. पट्टी उघडली तेव्हा फेजच्या स्क्रूभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन खपली धरल्यासारखे झाले होते, वायरचे वेष्टण अर्धा इंच आखडून मागे सरकले होते आणि स्क्रूला पेचकस लावताच तो पाव फेरा सैल फिरला. सगळा दोष त्या पाव फेऱ्यात होता. छोट्या गाडीचा घरगुती चार्जर साधारण १४-१५ अँपिअर सतत घेतो. जोडणीत केवळ ०.१ ओहमचा अडथळा आला, तरी त्या एका बिंदूवर २० वॉटच्या आसपास उष्णता तयार होते, म्हणजे लहान सोल्डरिंग आयर्नइतकी; आणि ती सहा-सात तास, बंद डबीत. गीझरवर हे लक्षात येत नाही, कारण गीझर वीस मिनिटांत बंद होतो. काही चार्जरांच्या प्लगमध्ये उष्णता ओळखणारा सेन्सर असतो आणि तो वेळेवर चार्जिंग तोडतो. मालक त्यालाच दोष समजतो. त्या गृहस्थांनी चार्जर बदलून मागितला होता. त्यांचा चार्जर त्यांचे घर वाचवत होता.

म्हणून गाडीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी, तांब्याची, किमान ४ चौरस मिलिमीटर जाडीची. जुन्या घरांतल्या पॉइंटला अनेकदा १.५ चौरस मिलिमीटरची वायर असते. बोर्डापासून ३० मीटर अंतरावर गाडी लागत असेल, तर त्या बारीक वायरीत दहा व्होल्ट वाटेतच खर्च होतात. ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत चारच होतात. लाइनवर स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट वाहिल्यास लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसण्याआधी लाइन तोडणारा स्विच) हवाच. सॉकेट औद्योगिक पद्धतीचे, निळ्या टोपणाचे घेतले तर उत्तम. नाही तर चांगल्या प्रतीचे १६ अँपिअरचे घ्यावे आणि दर सहा महिन्यांनी मेन स्विच बंद करून त्याचे स्क्रू आवळून घ्यावेत. एक्स्टेन्शन बोर्डावरून गाडी कधीही, एका रात्रीसाठीसुद्धा, चार्ज करू नये.

अर्थिंगची गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. नागपूरच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, आणि एप्रिल-मे मध्ये आक्रसून तिला भेगा पडतात. मीठ-कोळशाच्या जुन्या खड्ड्यातला पाइप मग मातीपासून सुटल्यासारखा होतो, ओल संपते आणि अर्थिंगचा विरोध कित्येक पटींनी वाढतो. पंखा, दिवे, टीव्ही यांना त्याचा पत्ता लागत नाही. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र आधी अर्थिंग तपासतो आणि ते समाधानकारक नसेल तर वीज सोडतच नाही. जानेवारीत निमूट चालणारे चार्जिंग नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) अचानक बंद पडते, ते यामुळे. तपासणी सोपी आहे. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे; ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. मनीषनगरच्या एका घरी ते अठरा होते. खड्ड्यावरचे झाकण काढून आम्ही दोन बादल्या पाणी हळूहळू जिरवले, अर्धा तास थांबलो, आणि चार्जरचा लाल दिवा हिरवा झाला. हा तात्पुरता उपाय आहे. उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पाणी घालावे आणि जमेल तेव्हा खोल रॉडचे नवे अर्थिंग करून घ्यावे.

येथे एक गोष्ट अत्यंत गंभीरपणे सांगायची आहे. अर्थिंग नसलेल्या घरात काही इलेक्ट्रिशियन सॉकेटच्या आत न्यूट्रलची वायर अर्थिंगच्या पिनेला जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, ग्राहक खूश होतो. परंतु पुढे कधी खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल तुटला, तर गाडीच्या संपूर्ण पत्र्यावर २३० व्होल्ट येतात, आणि ओल्या पायाने दाराला हात लावणारे मूल असू शकते. आपल्या घरी चार्जिंगचे काम कुणी केले असेल, तर सॉकेट उघडून अशी जोडणी नाही ना, हे आजच पाहून घ्यावे. असल्यास ती निघेपर्यंत चार्जिंग बंद ठेवावे.

विजेच्या बिलाचे एक वाक्य जोडतो. महिन्याला हजार किलोमीटर चालवल्यास, चार्जिंगमधली गळती धरून, सव्वाशे ते दीडशे युनिट वाढतात, आणि निवासी दराचे टप्पे १००, ३०० व ५०० युनिटांवर बदलत असल्याने बिल अपेक्षेपेक्षा जास्त फुगते. गाडी बिघडून जास्त वीज खाते आहे, असा त्याचा अर्थ नाही.

आता रिमोटने न उघडलेल्या दाराकडे वळू. जवळपास प्रत्येक इलेक्ट्रिक गाडीत मोठ्या बॅटरीखेरीज पेट्रोलच्या गाडीत असते तशीच एक १२ व्होल्टची बॅटरी असते. लॉक, दिवे, स्क्रीन, सगळे संगणक आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला मोटरशी जोडणारे काँटॅक्टर, हे सारे तिच्यावर चालते. ती मेली की मोठ्या बॅटरीत ९० टक्के वीज असूनही गाडी निर्जीव होते. गाडी ‘रेडी’ स्थितीत (म्हणजे चालवण्यासाठी सुरू केलेली) असताना किंवा चार्जिंग सुरू असताना मोठी बॅटरी तिला भरते. गाडी नुसती उभी असेल तेव्हा काही गाड्या मधूनमधून तिला भरतात, काही भरत नाहीत. आपण आठ दिवस नव्हता, उन्हाळा होता आणि बॅटरी तीन वर्षांची होती. लेड-ॲसिड बॅटरीचे तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य साधारण निम्मे होते, असा आमच्या कामातला ठोकताळा आहे. पुण्यात चार-पाच वर्षे टिकणारी बॅटरी नागपुरात तीन वर्षांत मान टाकते, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

तिची पूर्वसूचना ओळखण्यासारखी असते. एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार इशाऱ्याचे दिवे एकाच वेळी लागतात: ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग. स्क्रीन मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होते. रिमोट दोनदा दाबावा लागतो. अशा गाड्या ‘सगळी सिस्टिम गेली’ म्हणून टोइंगवर येतात आणि एका नव्या लहान बॅटरीने बऱ्या होतात. गाडी तीन-चार तास बंद ठेवून साध्या मल्टिमीटरने मोजावे. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चिंतेची बाब. गाडी ‘रेडी’ केल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसावेत, तेवढे दिसत नसतील तर या लहान बॅटरीला भरणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये दोष आहे आणि ते काम सर्व्हिस सेंटरचेच. फुटाळा तलावावर संध्याकाळी गाडी लावून, ‘रेडी’ न करता नुसती गाणी ऐकत बसणारे बरेच तरुण आहेत. त्या तासाभरात फक्त ही लहान बॅटरी रिकामी होते. गाडी बंद असतानाही सुरू राहणारा डॅशकॅम (समोरच्या काचेवरचा कॅमेरा) हेच करतो. गावाला जाताना डॅशकॅमची पिन काढावी, आणि चार आठवड्यांहून जास्त काळ जायचे असल्यास माहितगाराकडून १२ व्होल्टच्या बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवून ठेवावी. रिमोटच्या आत दडलेली लोखंडी किल्ली कशी काढायची आणि ती दाराच्या कोणत्या फटीत लागते, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा दाखवून ठेवावे. बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप (वायरी जोडून सुरू) करता येते. आपल्या इलेक्ट्रिक गाडीने दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीला मात्र जंप देऊ नये, कारण स्टार्टर ओढतो तेवढा करंट देण्यासाठी ही व्यवस्था नसते. नारिंगी रंगाच्या, म्हणजे मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या वायरींना घरी किंवा रस्त्यावरच्या मेकॅनिककडे कुणीही हात लावू नये.

ब्रेकची खरखर हा दोष कमी आणि सवयीचा परिणाम जास्त आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलट काम करून वीज परत बॅटरीत भरते आणि गाडी हळू होते, त्यामुळे पुढच्या डिस्कला पॅड क्वचितच घासले जातात. पेट्रोलच्या गाडीत रोजच्या घासण्याने निघून जाणारा गंज इथे तसाच राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी काढली की डिस्कवर नारिंगी थर स्पष्ट दिसतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही याची खात्री करून, रीजेन (पाय काढल्यावर मोटरने गाडी हळू होण्याची ही सोय) सर्वांत कमी ठेवावे आणि ताशी ४०-५० वरून सहा-सात वेळा ठाम ब्रेक लावावा. आवाज दोन आठवड्यांत गेला नाही, किंवा ब्रेक दाबताना पायाखाली थरथर जाणवली, तर चाके काढून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना साफ करून त्यांना ग्रीस लावून घ्यावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, तर सपाट जागी, चाकाला दगडाची अडण लावून, हँडब्रेक सोडून ठेवावा; नाही तर मागच्या ड्रममध्ये तो चिकटतो.

टायरची आपण तक्रार केलेली नाही, तरी ती येणार आहे. या गाड्या त्याच आकाराच्या पेट्रोल गाड्यांपेक्षा जड असतात, मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो आणि चाके लहान असतात. एमजी कॉमेटची १२ इंचांची, टाटा टियागो ईव्हीची १४ इंचांची. नागपुरात आता बहुतेक मोठे रस्ते सिमेंटचे झाले आहेत. त्यांच्या सांध्यांवरून जाताना होणारा टकटक आवाज इंजिनाचा आवाज नसल्याने केबिनमध्ये मोठा ऐकू येतो आणि सस्पेन्शन गेल्याची शंका येते. खरा धोका रस्त्याच्या कडेला आहे: सिमेंटचा थर आणि पेव्हर ब्लॉक यांच्यातल्या चार बोटांच्या पायरीवरून तिरके उतरले, की टायरची बाजू चिरते किंवा तिला फुगा येतो. हवा पंधरा दिवसांनी, सकाळी गाडी चालवण्याआधी, चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. मे महिन्यातल्या दुपारी चार-पाच पौंड जास्त दिसतात. ती हवा सोडू नये, कारण संध्याकाळी टायर निवला की दाब कमी पडतो, आणि कमी हवेचा टायर पल्लाही खातो आणि कडांनीही झिजतो.

रात्री चार्जिंग सुरू असताना बॉनेटखालून येणारी घरघर पंख्याची आणि कूलंटच्या पंपाची असते. उन्हाळ्यात ती ऐकू आलीच पाहिजे. कूलंटची पातळी खाली गेली, तर नळाचे किंवा बाटलीचे पाणी घालू नये, कंपनीने सांगितलेलेच कूलंट घालावे. एसीला वास येत असेल तर केबिन फिल्टर पाहावा. आपल्या धुळीत तो वर्षभर टिकत नाही. चार्जिंगची गन (गाडीत लावायचा प्लग) अडकून बसली, तर ओढाताण न करता गाडी एकदा लॉक करून पुन्हा अनलॉक करावी. बहुतेक वेळा ती सुटते. बॉनेटखाली उंदीर वायरी कुरतडतात, विशेषतः दाणाबाजार किंवा हॉटेलांजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या. महिन्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या आणि कुरतडलेल्या खुणा पाहाव्यात.

स्वस्त गाड्यांत आता बहुधा एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असते. ती उष्णता तुलनेने चांगली सोसते, पण तिचे व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळपास सारखेच राहत असल्याने उरलेल्या विजेचा अंदाज गाडीला नीट बांधता येत नाही. नेहमी ३० ते ८० टक्क्यांतच वापरलेल्या गाडीत काटा कधी १५ वरून एकदम ८ वर पडतो. आठवड्या-दोन आठवड्यांतून एकदा घरच्या सावकाश चार्जरवर १०० टक्के भरून, चार्जिंग आपणहून थांबेपर्यंत गाडी तशीच लावून ठेवावी, म्हणजे सेल एका पातळीवर येतात आणि काटा पुन्हा खरा बोलू लागतो. मात्र शंभर टक्के भरलेली गाडी दिवसभर उन्हात उभी ठेवू नये.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून पाण्याविषयी. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा कित्येक गाड्या रात्रभर पाण्यात उभ्या होत्या. बॅटरीच्या खोक्याला ‘आयपी ६७’ दर्जा असतो, म्हणजे ते एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तपासलेले असते. तो दर्जा त्या खोक्याचा आहे; सीटखालच्या जोडण्यांचा, १२ व्होल्टच्या वायरिंगचा आणि चाकांच्या बेअरिंगचा नाही, आणि पूर अर्ध्या तासात ओसरत नाही. पाण्यात राहिलेली गाडी सुरू करून पाहू नये, चार्जरला लावू नये, आणि चारही चाके उचलणाऱ्या गाडीवरूनच न्यावी, कारण मोटरची चाके जमिनीवर फिरली की मोटर स्वतः वीज तयार करू लागते. साध्या पावसात अंगणात चार्जिंग करायला हरकत नाही; गन गाडीत घट्ट बसलेली असावी, चार्जिंग संपताच गनचे आणि गाडीचे टोपण लावावे आणि सॉकेट पावसापासून आडोशाला असावे.

राहिला विकण्याचा प्रश्न. चार्जिंगच्या लाइनवर एक साधे सब-मीटर बसवून घ्या. एखाद्या दिवशी काटा २० टक्क्यांवर आला की रीडिंग लिहा, सलग १०० टक्के भरा आणि पुन्हा रीडिंग लिहा. २० युनिटांच्या बॅटरीचे ८० टक्के म्हणजे १६ युनिट, आणि चार्जिंगमधली दहा-बारा टक्के गळती धरून मीटरवर १८ च्या आसपास यावेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतल्या नेमक्या क्षमतेवर हाच हिशेब मांडा. पहिल्या वेळी काटा चुकलेला असू शकतो, म्हणून गाडी दोनदा पूर्ण भरून घेतल्यावर ही चाचणी करा आणि ती तीनदा करून सरासरी काढा. आकडा १७-१८ असेल, तर आपली बॅटरी चांगली आहे आणि केवळ मे महिन्याच्या पल्ल्यावरून गाडी विकण्याचे काहीही कारण नाही. आकडा १४ च्या खाली येत असेल, आणि हिवाळ्यातही पल्ला १३० च्या पुढे जात नसेल, तर मात्र तो खरा ऱ्हास आहे. अशा वेळी तारखेसह रीडिंग लिहिलेला कागद जोडून सर्व्हिस सेंटरकडे बॅटरीच्या क्षमतेचा लेखी अहवाल मागा आणि त्याची पोच घ्या. मोठ्या बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. आपली तीन वर्षेच झाली आहेत. तोवर या आठवड्यात १२ व्होल्टची बॅटरी मोजून घ्या, सॉकेटची पट्टी उघडून पाहा आणि अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी घाला.